तेलाचे नाव कोण ठरवते?

वर्गीकरण हा विषय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात फार लवकर येतो. सजीव-निर्जीव, धातू-अधातू, मूलद्रव्ये-संयुगे-मिश्रणे असे गट पाडायला आपण मुलांना शिकवतो. यातून मुलांच्या मनात नकळत एक समज घट्ट होतो, की गट निसर्गातच पडलेले असतात आणि आपण ते फक्त ओळखायचे असतात. या समजाची खरी परीक्षा शाळेपासून दूर, बंदरांवरच्या जकात कचेऱ्यांत रोज होत असते. तिथे येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एका वर्गात बसवावे लागते आणि त्या वर्गावर तिचा कर ठरतो. साहजिकच 'ही वस्तू म्हणजे नेमके काय?' या प्रश्नावर तिथे भांडणे होतात, आणि काही भांडणे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात.

खाद्यतेलाचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. २०२३-२४ या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या काळात, ही आयात सुमारे १६० लाख टन होती. त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. समजा, एका जहाजात १०,००० टन पामतेल आहे आणि हिशेबासाठी त्याचा भाव टनाला ८०,००० रुपये धरला, तर मालाची किंमत ८० कोटी रुपये होते. कच्च्या तेलापेक्षा शुद्ध तेलावरचा कर १० टक्क्यांनी जास्त असेल, तर कागदावर 'कच्चे' लिहायचे की 'शुद्ध', एवढ्यावर ८ कोटी रुपयांचा फरक पडतो. असा फरक असला की त्या दोन शब्दांच्या व्याख्या तपासायला वकील येतात, आणि वकिलांच्या पाठोपाठ रसायनशास्त्रज्ञांनाही यावे लागते.

व्हेल हा मासा आहे का?

तेलाच्या नावावरून झालेला एक जुना खटला आधी पाहू, कारण पुढच्या सगळ्या वादांचे बीज त्यात आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १८१८ साली एक कायदा केला. त्यानुसार माशाच्या तेलाची पिंपे सरकारी निरीक्षकाकडून तपासून घेणे आणि त्याचे शुल्क भरणे बंधनकारक झाले. सॅम्युएल जड नावाच्या व्यापाऱ्याकडे व्हेलच्या तेलाची तीन पिंपे होती. व्हेल हा मासा नाही, म्हणून हे माशाचे तेल नाही, असे सांगून त्याने शुल्क द्यायला नकार दिला. जेम्स मॉरिस या निरीक्षकाने ७५ डॉलर दंडासाठी त्याच्यावर खटला भरला. डिसेंबर १८१८ च्या अखेरीस तो चालला.

व्यापाऱ्याच्या बाजूने सॅम्युएल मिचिल हे त्या काळातले नामवंत निसर्गशास्त्रज्ञ साक्षीला उभे राहिले. व्हेलला फुप्फुसे असतात, तिचे रक्त उष्ण असते, ती पिलांना दूध पाजते. तेव्हा ती मासा नाही, हे त्यांनी सांगितले. आज सातवीतला मुलगाही हेच सांगेल. ज्यूरीने मात्र निकाल निरीक्षकाच्या बाजूने दिला, म्हणजेच त्या कायद्यापुरता व्हेल मासा ठरला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून व्हेलचे तेल त्यातून वगळले.

हा निकाल म्हणजे विज्ञानाचा पराभव, असे म्हणायचा मोह होतो. पण न्यायालयापुढचा प्रश्न प्राणिशास्त्राचा नव्हताच. कायद्यात 'माशाचे तेल' असे लिहिणाऱ्यांना आणि तेलाचा धंदा करणाऱ्यांना त्या शब्दातून काय अभिप्रेत होते, हा प्रश्न होता. शास्त्रज्ञाचा शब्द आणि बाजारातला शब्द एकच असला, तरी अर्थ एकच असेल असे नाही. हा पेच पुढे दीडशे वर्षांनी आपल्याकडे शेंगदाण्याच्या तेलावरून उभा राहिला.

डालडा म्हणजे गोडेतेल?

वनस्पती तूप आपल्याकडे १९३० च्या दशकात रुजले. मुंबईत शिवडीला त्याचा कारखाना निघाला आणि 'डालडा' हे एका कंपनीचे नाव घरोघरी त्या पदार्थाचेच नाव होऊन बसले. हे तूप करण्याची रीत अशी. तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेले मेदाम्लांचे तीन रेणू. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. त्यांच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन सोडला, की काही दुहेरी बंधांवर हायड्रोजनचे अणू जोडले जातात, वितळणबिंदू वाढतो आणि द्रव तेलाचा रवाळ, तुपासारखा घट्ट पदार्थ होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही रासायनिक अभिक्रिया आहे आणि तयार झालेले रेणू नवे आहेत.

कर्नूल येथील तुंगभद्रा इंडस्ट्रीज या कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९६० मध्ये निकालात काढला. विक्रीकराच्या नियमांत एक सवलत होती. शेंगदाणे विकत घेऊन 'शेंगदाण्याचे तेल' विकणाऱ्या उत्पादकाला शेंगदाण्याच्या खरेदीची रक्कम उलाढालीतून वजा करता येत असे. कंपनी शेंगदाण्याच्या तेलाचे वनस्पती तूप करून विकत होती. कर अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की हायड्रोजनीकरणानंतर ते शेंगदाण्याचे तेल राहिलेच नाही. न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. पदार्थ शेंगदाण्यापासून निघालेला हवा आणि तो तेल हवा, या दोन अटी पुऱ्या होत असतील, तर तो घट्ट झाला किंवा त्याच्या रेणूंत बदल झाला, तरी तो शेंगदाण्याचे तेलच आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, याच धंद्यातला दुसरा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. या वेळी कर उत्पादनशुल्काचा होता आणि कंपनी होती दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्स. वनस्पती तूप करताना कच्च्या शेंगदाणा किंवा तीळ तेलातील मुक्त मेदाम्ले प्रथम अल्कलीने काढतात, मग विरंजक मातीने रंग काढतात, त्यानंतर हायड्रोजनीकरण करतात आणि शेवटी वास काढतात. सरकारचे म्हणणे होते की रंग काढल्यावर टाकीत जे असते ते 'रिफाइंड तेल' आहे. म्हणजे मधल्या टप्प्यावर एक नवी वस्तू तयार झाली आणि तिच्यावर शुल्क लागू होते. कंपनीचे म्हणणे होते की वास काढल्याशिवाय कोणी त्याला रिफाइंड तेल म्हणत नाही. तज्ज्ञांची शपथपत्रे आली, भारतीय मानक संस्थेने केलेली रिफाइंड तेलाची व्याख्या पाहिली गेली. न्यायालयाने ठरवले की नुसती प्रक्रिया झाली म्हणजे नवी वस्तू झाली असे नाही. वेगळे नाव, वेगळे गुण आणि वेगळा उपयोग असलेली, बाजारात ओळखली जाणारी वस्तू निर्माण व्हायला हवी. वास न काढलेले ते तेल तसे नव्हते.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्यात तेलाचे मूळ निर्णायक ठरले, दुसऱ्यात बाजारातली ओळख. रसायनशास्त्राची मदत दोन्हींत घेतली गेली, पण शेवटचा शब्द रसायनशास्त्राचा नव्हता.

पंधरावे प्रकरण

प्रत्येक देशाने आपापल्या भाषेत आणि आपापल्या समजुतीने मालाची यादी केली, तर आंतरराष्ट्रीय व्यापारात गोंधळ होणार. म्हणून ब्रुसेल्स येथे १९५२ पासून काम करणाऱ्या सीमाशुल्क सहकार्य परिषदेने, म्हणजे आजच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने, सर्व वस्तूंची एक समान यादी तयार केली. तिचे नाव 'हार्मोनाइज्ड सिस्टिम'. तिचा करार १९८३ साली झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. भारताने सीमाशुल्काचे वेळापत्रक १९८६ च्या फेब्रुवारीअखेरीसच त्या साच्यात बसवले होते.

या यादीतले पंधरावे प्रकरण तेले आणि चरबी यांचे आहे. त्यात सोयाबीन तेलाला १५०७, शेंगदाणा तेलाला १५०८, ऑलिव्ह तेलाला १५०९, पामतेलाला १५११, सूर्यफूल, करडई आणि सरकी तेलांना १५१२, खोबरेल तेलाला १५१३, मोहरी तेलाला १५१४ असे क्रमांक आहेत. या शीर्षकांतली एक अट रसायनशास्त्राच्या शिक्षकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. तिचा अर्थ असा : तेल शुद्ध केलेले असो वा नसो, पण त्यात रासायनिक बदल केलेला नसावा. हायड्रोजनीकरण झालेले तेल १५१६ या वेगळ्या शीर्षकाखाली जाते. म्हणजे १९६० च्या निकालात ज्या अभिक्रियेने तेलाची ओळख बदलली नव्हती, त्याच अभिक्रियेने या यादीत ती बदलते. दोन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत, कारण प्रश्न विचारणारे दोन वेगळे कायदे आहेत.

'रासायनिक बदल' ही सीमाही वाटते तितकी सरळ नाही. अल्कलीने मुक्त मेदाम्ले काढताना साबण तयार होतो. ती रासायनिक अभिक्रियाच आहे. पण ती तेलातील अशुद्धीवर होते, ट्रायग्लिसराइड तसेच राहते. म्हणून तेल आपल्या मूळ क्रमांकातच राहते. पामतेल हळूहळू थंड करून त्यातला द्रव भाग आणि घट्ट भाग वेगळे करतात. द्रव भाग म्हणजे आपल्या रेशन दुकानांतून ओळखीचे झालेले पामोलिन आणि घट्ट भाग म्हणजे स्टिअरिन. हा भौतिक बदल असल्याने दोन्ही भाग १५११ मध्येच गणले जातात.

यादीतल्या क्रमांकाला पुढे किती अर्थ येतो, याची दोन उदाहरणे पाहा. जागतिक व्यापार करारात भारताने पामतेलावरच्या कराची कमाल मर्यादा ३०० टक्के ठेवली, तर सोयाबीन तेलासाठी ती अवघी ४५ टक्के आहे. स्वयंपाकघरात एकमेकांची जागा घेणारी ही दोन तेले. पण १५०७ आणि १५११ या दोन क्रमांकांमुळे सरकारचे हात एकीकडे मोकळे आणि दुसरीकडे बांधलेले आहेत. दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करारात माल 'श्रीलंकेत बनला' असे म्हणायला किमान ३५ टक्के मूल्यवृद्धी आणि चार अंकी शीर्षकात बदल, अशा अटी होत्या. बाहेरून आणलेले पामतेल तिथे नुसते शुद्ध केले, तर ते १५११ मध्येच राहते. त्याचे वनस्पती तूप केले, की ते १५१६ मध्ये जाते. त्यामुळे २००० नंतरच्या काही वर्षांत श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले आणि तिथून ते तूप भारतात येऊ लागले. कारखाना कुठे उभा राहावा, हे अशा वेळी चार अंकांनी ठरते.

कच्चे कशाला म्हणायचे?

आपल्याकडे खाद्यतेलाची आयात अनेक वर्षे सरकारी व्यापार महामंडळामार्फत होत होती. एप्रिल १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के कर लावून खुली झाली आणि मार्च १९९५ मध्ये बहुतेक खाद्यतेले ३० टक्के करावर खुली झाली. पुढे कर उतरत जाऊन जुलै १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आला. आयात वाढली, भाव पडले आणि तेलबियांच्या शेतकऱ्यांना त्याची झळ लागली. डिसेंबर १९९९ च्या अखेरीपासून कच्च्या आणि शुद्ध तेलासाठी वेगवेगळे दर ठेवण्यात आले. २००१ च्या अर्थसंकल्पात पामतेलावरचा कर बराच वाढला : कच्च्यावर ७५ टक्के, शुद्ध केलेल्यावर ८५ टक्के.

हा फरक ठेवण्यामागे विचार होता. कच्चे तेल आणून इथे शुद्ध केले, तर इथले कारखाने चालतात आणि इथल्या कामगारांना काम मिळते. निर्यात करणाऱ्या देशांचा विचार नेमका उलटा असतो. मलेशियाने आपल्या निर्यातकराची रचना शुद्ध केलेल्या तेलाला सोयीची ठेवली. एकाच तेलाच्या शुद्धीकरणासाठी समुद्राच्या दोन्ही काठांवर अशी ओढाताण चालू असते.

पण कच्चे आणि शुद्ध यांची सीमा कुठे आखायची? डोळ्यांनी पाहिले तर फरक उघड वाटतो. पामच्या फळाच्या गरातून निघालेले तेल गडद नारिंगी-लाल असते, कारण त्यात कॅरोटिनॉइड असतात. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन त्यांत प्रमुख आहे. त्यांचे प्रमाण साधारणपणे किलोमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम असते. शिवाय फळ तोडल्यापासून त्यातली विकरे तेलाचे विघटन करू लागतात, त्यामुळे मुक्त मेदाम्लेही असतात. शुद्धीकरणात तेल विरंजक मातीतून नेतात आणि मग निर्वातात सुमारे २४० ते २६० अंश सेल्सिअसला त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर मुक्त मेदाम्ले व वास निघून जातात आणि उष्णतेने उरलेले कॅरोटीन नष्ट होते. हाती येते ते फिकट पिवळे, जवळजवळ आम्लरहित तेल.

म्हणजे कच्चेपणाच्या दोन खुणा झाल्या : आम्ल आणि रंग. नुसते आम्ल पाहिले, तर शुद्ध तेलात थोडे मेदाम्ल मिसळून त्याला कच्च्याचे रूप देता येईल. म्हणून २००३ च्या सुमारास सवलतीच्या दरासाठी कच्च्या पामतेलाची जी व्याख्या झाली, तिच्यात दोन्ही खुणा होत्या. आम्लमूल्य किमान २ असावे आणि एकूण कॅरोटिनॉइड किलोमागे ५०० ते २५०० मिलिग्रॅम या मर्यादेत असावेत. आकडे आले, म्हणजे वाद मिटायला हवा होता. प्रत्यक्षात वादाला नवे तोंड फुटले.

त्याची कारणे रसायनशास्त्रात आहेत. पामतेल जहाजात घट्ट होऊ नये म्हणून ते कोमट ठेवावे लागते आणि उतरवताना ५० ते ५५ अंशांपर्यंत तापवावे लागते. प्रवासात तेलातल्या ओलाव्यामुळे काही ट्रायग्लिसराइडचे जलविघटन होते आणि मुक्त मेदाम्ले वाढतात. त्याच वेळी उष्णता, हवा आणि प्रकाश यांमुळे कॅरोटिनॉइडचे ऑक्सिडीकरण होते आणि ते कमी होतात. म्हणजे तेच तेल एका कसोटीने दिवसेंदिवस अधिक 'कच्चे' होत जाते, आणि दुसऱ्या कसोटीने कमी कच्चे! निघताना ५३० असलेला कॅरोटीनचा आकडा बंदरात ४८० भरला, तर ते तेल कोणी शुद्ध केलेले नसते. तरीही व्याख्येबाहेर जाते. आयातदार निघताना घेतलेल्या नमुन्याचा दाखला पुढे करणार आणि जकात अधिकारी बंदरात घेतलेल्या नमुन्याचा. नमुना प्रयोगशाळेत पोचायला आणि तपासायला वेळ लागला, तर बाटलीतही घट चालूच राहते. आणखी एक गोष्ट अशी, की तेलाचे भाग वेगळे करताना कॅरोटीन द्रव भागात अधिक उतरते. त्यामुळे कच्च्या स्टिअरिनमध्ये ते मुळातच कमी असते आणि ५०० ची मर्यादा त्याला गाठता येईलच असे नाही.

आकडा लिहिताना एककाची काळजी घ्यावी लागते, हेही इथे दिसते. आम्लमूल्य म्हणजे १ ग्रॅम तेलातील मुक्त आम्ल उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये. व्यापारात मात्र मुक्त मेदाम्लांची टक्केवारी सांगण्याची रीत आहे. समजा, १० ग्रॅम पामतेलाला ०.१ नॉर्मल अल्कलीचे ८ मिलिलिटर लागले. आम्लमूल्य निघेल ५६.१ × ८ × ०.१ ÷ १० = ४.४९. तेच पामिटिक आम्लाच्या टक्केवारीत मांडले, तर २५.६ × ८ × ०.१ ÷ १० = २.०५. दोहोंत जवळपास २.२ पटींचा फरक आहे. म्हणून नुसते 'दोन' म्हणून भागत नाही. कशाचे दोन, हे सांगावेच लागते.

स्टिअरिन आणि स्टिअरिक

नावाच्या सारखेपणातून निर्माण झालेला एक वाद थोडक्यात सांगतो. पामतेलाचा घट्ट भाग, म्हणजे पाम स्टिअरिन, साबण कारखान्यांना लागतो. रसायनशास्त्राप्रमाणे तो ट्रायग्लिसराइडच आहे, तेलाचाच एक भाग. स्टिअरिक आम्ल हे मुक्त मेदाम्ल आहे. ते मिळवायला ट्रायग्लिसराइड फोडावे लागते. तरीही आपल्या दरपत्रकात ३८२३ या औद्योगिक मेदाम्लांच्या शीर्षकाखाली, स्टिअरिक आम्लाच्या पोटात, 'पाम स्टिअरिन' अशी नोंद घातली गेली. मग ते १५११ मधले तेल मानायचे की ३८२३ मधले मेदाम्ल? हा वाद न्यायाधिकरणांतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आकडे आणि नावे लिहिणाऱ्या हाताजवळ रसायनशास्त्राचे पुस्तक असते, तर किती वेळ आणि पैसा वाचला असता, असे इथे वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रयोगशाळा गप्प बसते तेव्हा

आतापर्यंतच्या वादांत प्रयोगशाळेला काही तरी सांगण्यासारखे होते. शेवटचे उदाहरण असे आहे की तिथे तिला काहीच सांगता येत नाही. शुद्ध खोबरेल तेल केरळात स्वयंपाकाला वापरतात, आपल्याकडे बहुतेक घरांत डोक्याला लावतात. कोकणात आणि गोव्यात दोन्ही उपयोग होतात. खाद्यतेल म्हणून त्याचे शीर्षक १५१३, आणि केसांचे तेल म्हणून ३३०५. दुसऱ्यावरचा कर बराच जास्त होता. छोट्या बाटल्यांत विकले जाणारे खोबरेल खायचे की लावायचे? हा वाद उत्पादनशुल्काचा होता, पण वर्गीकरणाची यादी तीच.

एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले नाही. न्या. रंजन गोगोई यांनी ते खाद्यतेल मानले, तर न्या. आर. भानुमती यांनी केसांचे तेल. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. खाद्यतेल म्हणून विकले जाणारे शुद्ध खोबरेल लहान बाटलीत आहे एवढ्यावरून केसांचे तेल ठरत नाही. वेष्टन आणि त्यावरचा मजकूर केशतेलासाठीच्या अटी पुऱ्या करत असेल, तरच ते तिकडे जाईल. बाटलीतले द्रव दोन्हीकडे तेच. वायुवर्णलेखन करा, आयोडीन मूल्य काढा, उत्तर एकच येणार. फरक आहे तो उपयोगाचा आणि लेबलाचा. वस्तू व सेवा करात खाद्य खोबरेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांवर आले. दोन्ही दर एक झाले आणि वर्गीकरणात कोणाचा फायदा-तोटा उरला नाही. तेलात काही बदलले नव्हते, बदलली ती सीमेची किंमत.

वर्गात काय करता येईल?

या सगळ्या इतिहासातून शिक्षकांनी उचलावा असा मुद्दा एकच आहे. वर्गीकरण करताना 'कशासाठी?' हा प्रश्न आधी विचारावा. निसर्गात पदार्थ असतात, त्यांचे गुण असतात. त्यांतला कोणता गुण सीमा म्हणून निवडायचा हे आपण आपल्या कामाप्रमाणे ठरवतो. विज्ञान दोन गोष्टी चोख सांगू शकते : निवडलेला गुण विश्वासाने मोजता येतो का, आणि तो काळानुसार बदलतो का. कॅरोटीनच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सीमा आखतानाच विचारात घ्यायला हवे होते. या सीमांच्या एका बाजूला भुईमूग, करडई, सोयाबीन लावणारा शेतकरी असतो आणि दुसऱ्या बाजूला महिन्याचा किराणा मोजून घेणारे घर. कराचा फरक या दोघांपैकी कोणाच्या तरी पदरात पडतो. म्हणून हे वाद केवळ शब्दांचे नसतात.

मुलांकडून तीन गोष्टी करून घेता येतील. पहिली, घरातल्या तेलांची यादी करून तिचे गट पाडायला सांगावे. काही गट बियांनुसार पाडतील, काही रंगानुसार, काही घट्ट-पातळ असे, काही खाण्याचे-लावण्याचे असे. प्रत्येक गटाने आपली सीमा का निवडली ते सांगावे आणि दुसऱ्या गटाने त्या सीमेवर अडणारे एक तेल शोधून दाखवावे. दुसरी गोष्ट मोठ्या वर्गांसाठी. ताजे तेल आणि अनेकदा तळणाला वापरलेले तेल प्रत्येकी १० ग्रॅम घ्यावे. त्यात उदासीन केलेले गरम अल्कोहोल आणि फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब घालून ०.१ नॉर्मल अल्कलीने अनुमापन करावे. अल्कोहोल पाण्याच्या पात्रात ठेवून तापवावे, ज्योतीवर नको. आलेल्या आकड्यावरून आम्लमूल्य आणि टक्केवारी दोन्ही काढायला लावावी. तिसरी गोष्ट सोपी आहे. गाजराचा कीस तेलात मंद आचेवर परतला, की तेलाला नारिंगी रंग येतो. ते गाळून दोन बाटल्यांत भरावे. एक बाटली काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी, दुसरी उघड्या तोंडाने उन्हात ठेवावी. काही दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून रंगांची तुलना करावी.

मग मुलांना विचारावे, की दोन्ही बाटल्यांत एकाच दिवशी भरलेले तेच तेल होते. रंगावर कर लागला असता, तर कोणत्या बाटलीचा रंग खरा धरायचा? चर्चा बराच वेळ चालेल. जकात कचेऱ्यांतही ती बरीच वर्षे चालली.